लेकरू गप्प बसतं म्हणून 'अँटीसोशल' होत नाही

प्रश्न: ताई, माझा मुलगा लातूरला नीटच्या क्लासला आहे, होस्टेलवर राहतो, बारावीला आहे, वय १७. आम्ही परभणी जिल्ह्यातले, गावाकडं शेती आहे. मागच्या महिन्यात भेटायला गेलो तर रेक्टर सरांनी रजिस्टर दाखवलं, त्यात लेकराच्या नावापुढं 'अँटीसोशल' असं लिहिलेलं. म्हणाले कुणात मिसळत नाही, मेसमध्ये पण कोपऱ्यात एकटाच जेवतो, कुणाच्या वाढदिवसाला जात नाही. घरी आल्यावर धाकट्या भाऊजींनी मोबाइलवर शोधलं अन् म्हणाले वहिनी ही तर मानसिक बिमारी आहे, असली माणसं पुढं गुन्हेगार होतेत, सायकोपॅथ म्हणतेत त्याला. तवापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. लेकरानं आजवर मुंगी मारली नाही हो. मालक म्हणायलेत क्लास बंद करून घरी घेऊन येऊ. हा शब्द नेमका काय आहे, सांगा. (एक आई, परभणी जिल्हा)

उत्तर: ताई, आधी तुमच्या जिवाचा घोर काढते, शब्दाचं मग बघू. रजिस्टरमधला शब्द चुकलाय. सरांना म्हणायचं होतं की मुलगा एकलकोंडा आहे, आणि अँटीसोशलचा डॉक्टरी अर्थ एकलकोंडा असा अजिबात नाही, तो पार दुसऱ्या टोकाचा आहे. शिवाय तुमचं लेकरू १७ वर्षांचं आहे, आणि अँटीसोशल हे निदान वयाची १८ पूर्ण झाल्याशिवाय कुठल्याच डॉक्टरला करता येत नाही, तसा नियमच आहे. १८ नंतर करायचं म्हटलं तरी वयाच्या १५ वर्षांच्या आत वागण्यात मोठा बिघाड दिसलेला लागतो, म्हणजे मुक्या जनावरांचे हाल करणं, बारक्या पोरांना मारून त्यांच्या वस्तू हिसकावणं, चोऱ्या, जाळपोळ, घरातून पळून जाणं, आणि ते सुद्धा एकदा कधीतरी नाही, सारखं सारखं. ज्या लेकरानं मुंगी मारली नाही त्याच्या नावापुढं हा शब्द बसतच नाही. भाऊजींना हे एवढं वाचून दाखवा.

आता शब्द. 'सोशल'च्या मुळाशी लॅटिनमधला 'सोशिअस' आहे, त्याचा अर्थ सोबती. 'अँटी' हा ग्रीकमधून आला, त्याचा अर्थ विरुद्ध. म्हणजे अँटीसोशल तो, जो सोबतच्या माणसांच्या विरुद्ध वागतो, त्यांना लुबाडतो, फसवतो, मारतो आणि त्याचं काही वाटून घेत नाही. ज्याला नुसतं लोकांत जावंसं वाटत नाही त्याच्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, 'एसोशल'. त्यातला पहिला 'अ' म्हणजे आपल्या अबोल, अशक्त मधलाच नकाराचा 'अ' समजा. एक सोबत नको म्हणणारा आणि एक सोबत्याचाच गळा धरणारा, एवढं अंतर आहे दोघांत. पण इंग्रजी बोलणारेसुद्धा रोजच्या बोलण्यात मिसळत नसलेल्या माणसाला अँटीसोशल म्हणून मोकळे होतात, तिथून ते आपल्याकडं आलं, आणि आता कॉलेजातली पोरं 'आज मी अँटीसोशल मूडमध्ये आहे' असं स्टेटस टाकतात. ते चालतं, गंमत असते. रजिस्टरमध्ये लिहिलं की गंमत राहत नाही, कारण तो कागद उद्या कुणीतरी दुसरा उघडणार.

आणि आपल्या भाषेत तर हे आधीपासून वेगवेगळं ठेवलेलं आहे ताई. गप्प राहणारा तो अबोल किंवा घुमा, एकटा राहणारा एकलकोंडा, माणसांचा कंटाळा करणारा माणूसघाणा. आणि जो खरा अँटीसोशल त्याला आपली वर्तमानपत्रं रोज एका शब्दानं हाक मारतात, 'समाजकंटक'. काही समाजकंटकांनी एसटीवर दगडफेक केली, अशी बातमी तुम्ही शंभरदा वाचली असेल. कंटक म्हणजे काटा. हा काटा लई जुना आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या भागाचं नावच कंटकशोधन आहे, म्हणजे राज्यात रुतलेले काटे हुडकून काढणं, आणि त्या काट्यांत नुसते चोर-दरोडेखोर धरलेले नाहीत, खोट्या मापानं माल विकणारे व्यापारी पण आहेत. मला हे फार नेमकं वाटतं, कारण मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला विचारा, गोड बोलून काटा मारणारा माणूस दगड मारणाऱ्यापेक्षा कमी त्रास देत नाही. अँटीसोशलमध्ये मारामारी करणारा जसा येतो तसा हा हसतमुख फसवणाराही येतो.

तुमच्या मुलासारखी लेकरं माझ्याकडं येतात. मागं एक मुलगा आला होता, असाच क्लासवाला, आईबरोबर. (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते.) अर्धा तास बाहेर बाकावर बसला होता, मान खाली, कुणाकडं बघेना. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांच्या हातून गोळ्यांची डबी सुटली आन् गोळ्या फरशीवर सगळीकडं घरंगळल्या. बाकीचे बघत बसले. हा उठला, गुडघ्यावर बसून बाकाखाली हात घालून एकेक गोळी गोळा केली, शर्टाच्या टोकाला पुसली, डबीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि परत मान खाली घालून बसला. एक शब्द बोलला नाही. मी दारातून बघत होते, तेव्हाच माझ्या मनातली निम्मी शंका गेली होती.

पण ताई, शब्द चुकला म्हणून विषय संपला असं मात्र नका समजू. लेकरू आधीपासूनच अबोल आहे की लातूरला गेल्यापासून झालंय, हे फक्त तुम्हालाच ठाऊक. आधीपासून तसंच असेल, अभ्यास होतोय, जेवण होतंय, फोनवर धड बोलतंय, शेतातल्या बैलाची, आजीची चौकशी करतंय, तर तो त्याचा स्वभाव आहे, त्याला तसं राहू द्या. पण आधी बोलका होता आणि आता गप्प झाला असेल, झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, टेस्टचे मार्क सांगायचं टाळत असेल, 'माझ्यानं होत नाही' असं म्हणत असेल, तर ते उदासपण असू शकतं, त्याला वेळेत डॉक्टरला दाखवायचं, आणि 'मी नसलो तर बरं' असल्या अर्थाचं काही बोलला तर त्याच दिवशी जायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. लातूरला एवढ्या दुरून येऊन एकाच वेळी एवढी लेकरं एकाच परीक्षेच्या मागं धावतात, त्यात एखादं कोपऱ्यात बसून जेवत असेल तर त्याच्या ताटात काय उरतंय हे कुणीतरी बघायला पाहिजे. क्लास एकदम बंद करून आणू नका, त्याला ती शिक्षा वाटंल. जाऊन दोन दिवस राहा, विचारा. आणि रेक्टर सरांना नीट शब्दात सांगा की हा शब्द खोडा आणि 'अबोल आहे' असं लिहा. भांडू नका, पण खोडून घ्याच.

प्रश्न: मॅडम, आमच्या कॉलेजमध्ये कुणी जरा वेगळं वागलं की त्याला 'सायको' म्हणतात. मला विचारायचं आहे की सायकोपॅथ, सोशिओपॅथ आणि सायकोटिक हे एकच का वेगळं? आणि सायकोपॅथ हा शब्द पहिल्यांदा कुणी वापरला? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: होमिओपॅथीपासून सुरू करू, ती पाटी प्रत्येक तालुक्याच्या गावाला आहे. त्यातला 'पॅथ' आणि सायकोपॅथमधला 'पॅथ' एकच, ग्रीक 'पॅथॉस', म्हणजे भोगणं, दुःख, दुखणं. सिम्पथीमध्ये पण तोच आहे, दुसऱ्याबरोबर दुखणं, आपण सहवेदना म्हणतो ते. आणि 'सायकी' म्हणजे मुळात श्वास, मग प्राण, मग मन, आपल्या प्राण शब्दाचा प्रवास आठव. तर सायकोपॅथचा सरळ अर्थ निघतो मनाचं दुखणं असलेला माणूस. बस एवढाच. १९ व्या शतकात जर्मन डॉक्टर कुठल्याही मनाच्या आजाराला हा शब्द लावायचे, त्यात क्रूरपणाचा काही वास नव्हता. ज्या शब्दात वेदना आहे तोच शब्द पुढं दुसऱ्याची वेदना न कळणाऱ्या माणसाला चिकटला, हे कसं झालं ते बघण्यासारखं आहे.

शब्दाच्या आधी माणूस सापडला. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल नावाचे डॉक्टर होते, पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळात काम करायचे. तोपर्यंत वेडा म्हणजे ज्याची बुद्धी गेली, जो बरळतो, अशीच समजूत होती. पिनेलना असे काही लोक दिसले ज्यांची बुद्धी एकदम शाबूत, हिशोब बरोबर, बोलणं बरोबर, आणि वागणं मात्र भयंकर. त्यांनी १८०१ च्या पुस्तकात याला नाव दिलं 'मॅनी सां देलीर', म्हणजे भ्रम नसलेला उन्माद. त्यांनी सांगितलेली एक केस वाचली की मला आपल्याकडचीच वाटते. एका बाईचा एकुलता एक मुलगा, मायाळू आई, म्हणेल ते हातात, नाही हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. मोठा झाला, इस्टेट मिळाली, आणि ती इस्टेट तो व्यवस्थित सांभाळायचा बरं का, गरिबांना मदत सुद्धा करायचा. पण कुणी आडवं आलं की संपलं. कुत्रं भुंकलं तर मारून टाकायचा, घोडा बिथरला तर घोड्याचा जीव घ्यायचा. एक दिवस एक बाई त्याला काहीतरी लागेल असं बोलली आणि त्यानं तिला उचलून विहिरीत टाकलं. खटला झाला आणि त्याला बिसेत्रच्या इस्पितळात कायमचं कोंडलं. पिनेलपुढं प्रश्न होता की याला काय म्हणायचं, वेडा की गुन्हेगार, आणि खरं सांगते, २०० वर्षं झाली तरी कोर्टात तोच प्रश्न उभा राहतो.

मग १८३५ साली इंग्लंडात ब्रिस्टलचे डॉक्टर प्रिचर्ड यांनी 'मॉरल इन्सॅनिटी' असं नाव दिलं. इथं नैतिक वेडेपणा असं भाषांतर करून लोक फसतात, त्या काळी मॉरलमध्ये भावना, स्वभाव हे सगळं यायचं. सायकोपॅथ या शब्दाला आजच्या दिशेनं वळवलं ते जर्मन डॉक्टर कोख यांनी, १८९१ मध्ये. त्यांनी 'सायकोपॅथिक उणेपणा' अशी कल्पना मांडली, म्हणजे वेड नाही पण काहीतरी कमी आहे. 'उणा' हा शब्द तिथून आत आला आणि शिवीची सुरुवात मला वाटतं तिथंच झाली, दुखणेकऱ्याचा कमअस्सल झाला.

तरीपण १९२३ पर्यंत अर्थ बराच मोठा होता. त्या वर्षी कुर्ट श्नायडर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं सायकोपॅथिक व्यक्तिमत्त्वांचे १० प्रकार सांगितले, आणि त्याची व्याख्या होती की जे आपल्या स्वभावामुळं स्वतः दुःख भोगतात किंवा ज्यांच्यामुळं समाज दुःख भोगतो ते. पहिला अर्धा भाग परत वाच. स्वतः दुःख भोगणारे पण त्यात होते, सदा उदास राहणारे होते, स्वतःवर भरवसा नसलेले भिडस्त लोक होते. म्हणजे वरच्या पत्रातल्या त्या अबोल मुलासारख्याला पण त्या काळी जर्मनीत हा शब्द लागला असता! तो अर्थ आता पूर्ण गेला.

सोशिओपॅथ हा शब्द अमेरिकेत पार्ट्रिज या मानसशास्त्रज्ञानं १९३० साली पुढं आणला. म्हणणं असं होतं की बिघाड दिसतो तो माणसामाणसांतल्या व्यवहारात, तर नावात पण समाज असू द्या. मग १९४१ मध्ये हर्वी क्लेक्ली या अमेरिकन डॉक्टरांचं पुस्तक आलं आणि आज आपण सायकोपॅथ म्हणल्यावर जे डोळ्यापुढं येतं ते चित्र बरंचसं त्यांनी काढलेलं आहे, वरून गोड, हुशार, घाबरत नाही, पण खोटारडा, पश्चात्ताप नाही, कुणावर खरी माया नाही. पुस्तकाचं नावच 'शहाणपणाचा मुखवटा' अशा अर्थाचं होतं.

पुढं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आजारांची पुस्तिका काढली, डीएसएम म्हणतात तिला. १९५२ च्या पहिल्या पुस्तिकेत 'सोशिओपॅथिक' हे नाव, १९६८ ला 'अँटीसोशल पर्सनॅलिटी', आणि १९८० पासून 'अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर', तेच आजवर चालू आहे. या १९५२ च्या यादीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही, त्यात सोशिओपॅथिक या मथळ्याखाली समलिंगी लोकांनाही घातलेलं होतं. कुणाला त्रास न देणारी माणसं, आणि डॉक्टरांनीच त्यांना समाजविघातकांच्या रांगेत बसवलं. १९७३ साली संघटनेनं समलैंगिकता हा आजारच नाही म्हणून काढून टाकलं, पण मधली २१ वर्षं त्या लोकांनी काय सोसलं असेल. म्हणून कुणी सहज एखाद्यावर असलं लेबल लावलं की माझ्या पोटात कालवतं.

आता तुझा फरकाचा प्रश्न, तो लवकर संपतो. सायकोपॅथ आणि सोशिओपॅथ ही दोन्ही आज त्या पुस्तिकेत निदानाची नावं नाहीत. 'सायकोपॅथ जन्मतो, सोशिओपॅथ घडतो' असं रील्समध्ये सांगतात, ते काही डॉक्टरी निदान नाही. अँटीसोशलच्या निदानाला ७ खुणांपैकी किमान ३ लागतात: कायदा सारखा मोडणं, खोटं बोलून फसवणं, पुढचामागचा विचार न करणं, मारामाऱ्या, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नसणं, कामात-पैशात कायम बेजबाबदार असणं, आणि केलेल्याचं वाईट न वाटणं. सायकोपॅथी ही त्यातली अजून खोल गोष्ट धरतात, आणि तिच्यासाठी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची तपासणी आहे, २० मुद्दे, प्रत्येकाला ० ते २ गुण, जास्तीत जास्त ४०, आणि अमेरिका-कॅनडात साधारण ३० किंवा त्याहून जास्त गुण झाले तर सायकोपॅथ धरतात. ती तपासणी शिकलेला माणूस मुलाखत घेऊन आणि जुनी कागदपत्रं तपासून करतो, मोबाइलवर दहा प्रश्नांची क्विझ सोडवून होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, स्वभावाच्या बिघाडाचे जुने वेगवेगळे डबे बहुतेक काढून टाकलेत, बिघाड किती तीव्र आहे ते आधी बघायचं आणि मग त्यात 'डिसोशल', म्हणजे दुसऱ्याची पर्वा नसल्याची, छटा आहे का ते नोंदवायचं.

सायकोटिक मात्र एकदम वेगळा, आणि घोटाळा सगळ्यात जास्त इथंच होतो. सायकोसिस म्हणजे खऱ्याखोट्याचा धागा सुटणं, कानात आवाज येणं, शेजारी पाण्यात विष घालायलेत असं पक्कं वाटणं. आपल्याकडं अशा माणसाला बाहेरचं झालं म्हणून आधी दहा ठिकाणी फिरवतात आणि मग डॉक्टरकडं आणतात. तो माणूस स्वतः भ्यालेला असतो रे. त्याच्यासाठी चांगली औषधं आहेत, वेळेत दिली तर पुष्कळ जण सुधारतात, शेतात जातात, संसार करतात. पिनेलच्या त्या विहिरीवाल्याला भ्रम नव्हता, याला आहे, हा फरक. तुमच्या कॉलेजात 'सायको' म्हणून हाक मारतात तेव्हा वर्गात कुणाची तरी बहीण, कुणाचा तरी बाप या आजाराच्या गोळ्या घेत असतो आणि ते पोरगं ऐकत असतं.

प्रश्न: ताई, माझा सख्खा भाऊ गोड बोलून सगळ्यांना फसवतो. वडिलांचा अंगठा घेऊन एक एकर परस्पर विकली. पकडलं की पाया पडून रडतो, महिन्यात परत तेच. तो अँटीसोशल आहे का, आणि यावर औषध आहे का? (एक बहीण, जालना जिल्हा)

उत्तर: तुमच्या चिठ्ठीवरून मी भावाला नाव देणार नाही, वर एवढं लिहिल्यावर ते बरोबर होणार नाही. दारू, जुगार, कर्जाचा फास यानं सुद्धा माणूस असाच वागतो, आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून ते आधी तपासा.

पण तुम्ही काय म्हणताय ते मला कळतंय. एकदा एक चाळिशीच्या आतला माणूस आईला घेऊन आला होता, इस्त्रीचा शर्ट, आल्या आल्या माझ्या पाया पडला, 'आईचं डोकं ठिकाणावर नाही, तेवढं सर्टिफिकेट द्या' म्हणाला. बोलताना पूर्ण वेळ त्याचा हात आईच्या खांद्यावर होता, प्रेमानं ठेवल्यासारखा. मी आईकडं बघत होते. त्याची बोटं जरा हलली की तिचा खांदा आत ओढला जायचा आणि ती पदराचं टोक मुठीत आवळायची. त्याला बाहेर बसवलं तेव्हा ती बोलली, अगदी व्यवस्थित बोलली, गट नंबरासकट.

औषधाचं खरं सांगते, अँटीसोशल स्वभाव बदलेल अशी गोळी नाही. सोबतची दारू, उदासी, भडकणं यावर औषधं चालतात, समुपदेशनाचा काही जणांना फायदा होतो, पण तो स्वतः यायला पाहिजे आणि असे लोक बहुधा पोलिसांनी किंवा घरच्यांनी ढकलल्याशिवाय येत नाहीत. चाळिशीनंतर बऱ्याच जणांची मारामारी, कायदे मोडणं कमी होतं. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो लहानपणी, आईबापांना हाताशी धरून काम केलं तर. भावाची लेकरं असतील तर त्यांच्याकडं लक्ष ठेवा, हा स्वभाव थोडा रक्तातून आणि थोडा घरातल्या मारझोडीतून, दुर्लक्षातून पुढं जातो.

तुमचं काम सध्या वडिलांना सांभाळणं आहे. त्याचं रडणं बघून निर्णय घेऊ नका, मागच्या वेळी रडल्यावर पुढं काय झालं ते आठवून घ्या. उरलेल्या जमिनीचा सातबारा आजच काढून बघा, फेरफाराची नोटीस घरी आली तर कुणीतरी वाचलीच पाहिजे, आणि झालेल्या विक्रीबद्दल वकिलाला भेटा, भाऊ आहे म्हणून थांबू नका. तुम्हाला स्वतःला झोप नसेल, छातीत धडधडत असेल तर १४४१६ हा टेलिमानस सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि वडिलांना शांतपणे सांगून ठेवा की अंगठा उठवायच्या आधी कागद तुमच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा, कागद कुणीही आणला तरी.